देवांची सोयरीक

आंबेगावच्या पश्चिम डोंगरात उगम पावणारी घोड नदी खाली शिरूरकडे उतरते, तिथे तिच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि जोर्वे संस्कृतीच्या शेतकऱ्यांचं एक अख्खं गाव उजेडात आलं. त्यातल्या एका घराच्या जमिनीत मातीची लंबगोल डबी पुरलेली सापडली. डबीत बिनडोक्याची एक स्त्रीमूर्ती होती. वर झाकण, झाकणावर डोकं असलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि तिच्याशेजारी एक बैल. सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं. बिनडोक्या मूर्तीच्या पोटाला भोक होतं आणि बैलाच्या पाठीलाही. दोन्हींत काडी घातली की देवी बैलावर नीट बसायची. इ.स.पू. १३००च्या आसपासची ही गोष्ट.

या दोघींचं एकमेकींशी नातं काय, हे ती डबी पुरणाऱ्या घराला माहीत होतं. मायलेकी असतील, बहिणी असतील, सवती असतील. लिपी नव्हती, त्यामुळे नावं गेली. पण देवी एकटी नाही हे डबीच सांगते. तिला जोडीदारीण आहे आणि वाहनही आहे. घोड नदीच्या खोऱ्यातलं हे आपल्याला ठाऊक असलेलं सर्वांत जुनं देवघर, आणि त्यातही कुटुंबच मांडलेलं आहे.

साधारण त्याच शतकांत पश्चिमेला, युफ्रेटिस आणि टायग्रिसच्या दुआबात, बाबिलोनचे लेखनिक ओल्या मातीच्या पाट्यांवर देवांची यादी कोरत होते. सुरुवातीच्या शब्दांवरून अभ्यासक तिला ‘अन = अनुम’ म्हणतात. सात पाट्यांत सुमारे दोन हजार नावं आहेत. यादी मांडली आहे घराण्यांप्रमाणे. आधी थोरला देव, मग त्याची बायको, मग मुलं-सुना, आणि त्यांच्यामागे वजीर, द्वारपाल, आचारी असा सगळा राबता. एन्लिल आणि निन्लिल यांचा मुलगा चंद्रदेव नन्ना. नन्ना आणि निंगल यांची मुलं म्हणजे सूर्यदेव उतू आणि इनन्ना. इनन्नेची वजीर निन्शुबुर. मोठे देव त्यात मोजकेच आहेत. बाकी सगळे असे, ज्यांचं एखाद्या गावात छोटंसं देऊळ असेल, ज्यांच्याकडे ताप उतरावा म्हणून किंवा शेळी व्यावी म्हणून जावं. या धाकट्या देवांना यादीत जागा मिळाली ती कुणाचे तरी कुणीतरी म्हणून. नगरं एकमेकांत मिसळली तेव्हा त्यांचे देवही एका गोतात बसवले गेले.

ती परंपरा आटून दोन हजार वर्षं होत आली. निन्शुबुरला आज कुणी नारळ फोडत नाही. जुन्नर-आंबेगावात मात्र धाकटे देव आणि त्यांची घराणी अजून नांदती आहेत, आणि तिथेही नियम तोच आहे. बाहेरून धर्म आले, राजे आले, व्यापारी आले. दर वेळी इथल्या लहान दैवतांनी कुणाशी तरी नातं जोडलं आणि आपली जागा राखली. म्हणून या दोन तालुक्यांचा इतिहास राजांच्या सनावळीइतकाच देवांच्या सोयरिकीतूनही वाचता येतो, असं मला वाटतं.

इथली देवांची पहिली लेखी यादी नाणेघाटात आहे. जुन्नरहून पश्चिमेला, घाटमाथ्यावर, कोकणात उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशीच एक चौकोनी लेणं आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. काळ साधारण इ.स.पू. पहिलं शतक. गेऑर्ग ब्यूलर यांनी १८८३मध्ये त्याचं वाचन प्रसिद्ध केलं. लेखाचा बराच भाग राजाने केलेल्या यज्ञांचा आहे. अश्वमेध, राजसूय आणि इतर, आणि प्रत्येकाला दिलेली दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. ती संख्या लिहिताना वापरलेले अंक हे भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक म्हणून जगभर ओळखले जातात. राणी स्वतःबद्दल मात्र थोडंच सांगते. ती महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचं आयुष्य जगणारी आहे.

या सगळ्याआधी वंदन आहे. धर्माला, इंद्राला, संकर्षण आणि वासुदेवाला, चंद्र-सूर्याला, आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना. ही नावं एकामागून एक वाचताना मी नेहमी संकर्षणापाशी थांबतो. संकर्षण म्हणजे बलराम, आणि तो वासुदेवाच्या आधी आहे. थोरला भाऊ आधी, धाकटा मागून. राजस्थानातल्या घोसुंडीच्या जुन्या लेखातही हाच क्रम आहे. म्हणजे त्या काळी हे दोघे वृष्णिकुळातले वीर भाऊ म्हणून पुजले जात होते आणि त्यांच्यात वडीलधारेपण पाळलं जात होतं. पुढे धाकटा इतका मोठा झाला की थोरल्याचं स्वतंत्र देऊळ महाराष्ट्रात शोधावं लागतं. वासव हे तर इंद्राचंच नाव, पण यादीत दोघे वेगवेगळे उभे आहेत. एक देवांचा राजा म्हणून, दुसरा दिशेचा राखणदार म्हणून. बाबिलोनच्या यादीतही एकाच देवाची दोन नावं दोन ठिकाणी येतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. देवाला हुद्दा असतो आणि एका देवाकडे दोन हुद्दे असू शकतात.

त्याच लेण्याच्या मागच्या भिंतीपाशी राजघराण्याच्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. मूर्ती केव्हाच गेल्या, पण डोक्यावर कोरलेली नावं वाचता येतात. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरी सातकणि, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. महारठी हा बहुधा राणीच्या माहेरचा. म्हणजे एका बाजूच्या भिंतीवर देवांचं गणगोत आणि समोर राजाचं, त्यात सासरही आणि माहेरही. घाटाने माल घेऊन चढणारा तांडा इथे विसाव्याला थांबत असणार. राज्य कुणाचं आहे हे त्याला कळायचं ते असं, देवांच्या आणि माणसांच्या कुटुंबांच्या दोन ओळींतून.

हीच वाट जुन्नरला पोचते आणि तिथे चित्र पालटतं. गावाभोवतीच्या डोंगरांत मानमोडी, लेण्याद्री, शिवनेरी, तुळजा असे लेण्यांचे गट आहेत, आणि जवळपास सगळी लेणी बौद्ध आहेत. खोदकामाला पैसा दिला तो व्यापाऱ्यांनी, कारागिरांच्या श्रेणींनी, शकांनी आणि यवनांनी. मानमोडीच्या भूतलिंग गटातल्या चैत्याचा दर्शनी भाग चंद नावाच्या एका यवनाचं दान आहे. मानमोडीच्याच भीमाशंकर गटात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पाण्याची पोढी आणि मंडप खोदवला, आणि लेखात वर्ष ४६ असं नोंदवलं. आता त्या यवनाने दान दिलेल्या दर्शनी कमानीकडे नीट पाहावं. मधोमध गजलक्ष्मी आहे. कमळावर उभी, दोन्ही बाजूंना तिच्यावर पाणी ओतणारे हत्ती, आणि आजूबाजूला हात जोडलेले स्त्री-पुरुष. बुद्धाच्या चैत्याच्या दारावर ही बाई कशी आली? संघाला तिचं वावडं नव्हतं. पाऊस, पीक, पैका यांची ती देवता होती, आणि दान देणाऱ्याला ती दारात हवी होती. श्रमणांच्या धर्मात मोक्षाचा मार्ग होता, पण गाईला वासरू होण्यासाठी कुणीतरी लागतंच. ते काम धाकट्या देवतांकडे राहिलं.

मानमोडीची कथा दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी सर्वांत आधी नीट हेरली. गणिताचा हा प्राध्यापक पुण्याभोवतीच्या खेड्यांतून पायी हिंडत असे. शेंदूर लावलेले दगड, वाटांचे तिठे आणि गारगोट्यांची सूक्ष्म हत्यारं तो एकाच नकाशावर पाहायचा. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हे त्याचं पुस्तक १९६२चं. त्यातला मातृदेवतांच्या स्थानांवरचा लेख या मुलखाच्या अभ्यासकाने वाचलाच पाहिजे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखात या डोंगराचं नाव मानमुकुड असं येतं, आणि गावकरी आजही मानमोडी हे देवीचं नाव म्हणून सांगतात, याकडे त्याने लक्ष वेधलं. त्याचं म्हणणं असं की भिक्षू निर्जन डोंगरात आले नाहीत. जुन्या वाटा जिथे मिळत होत्या आणि जिथे लोक आधीपासून देवीला येत होते, तिथेच ते आले. लेणी रिकामी पडल्यावर देवी पुन्हा पुढे आली. ती गेलेलीच नव्हती.

कोसंबींचा प्रत्येक निष्कर्ष मला पटतो असं नाही. दोन टोकं जुळली की मधली हजार वर्षंही जुळली, असं ते कधीकधी धरून चालतात. पण जुन्नरमध्ये पुरावा त्यांच्या बाजूने उभा राहतो, तो एका डोंगरापुरता नाही. तुळजा लेण्यात बारा खांबांचा गोल चैत्य आहे, भारतातल्या खोदीव चैत्यांत वेगळाच उठून दिसणारा. त्याच्याच शेजारच्या एका लेण्यात तुळजादेवी बसली, आणि आज अख्खा गट तिच्या नावाने ओळखला जातो. मानमोडीच्या अंबिका गटात मागाहून जैन मूर्ती आल्या, त्यांत अंबिका आहे. जैनांकडे ती नेमिनाथाची यक्षिणी, दोन मुलांची आई. गावच्या बाईने तिला आपली अंबाबाई म्हणून हळदकुंकू वाहिलं. बौद्ध लेणं, जैन यक्षिणी, गावची आई. तीन धर्म एका कोनाड्यात आले आणि कुणी कुणाला बाहेर काढलं नाही.

लेण्याद्रीला हीच सोयरीक उलट्या दिशेने झाली. सातव्या लेण्याचं खांब नसलेलं प्रशस्त दालन, तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या खोल्या, आणि मागच्या भिंतीत गणपती. अष्टविनायकांपैकी लेण्यांच्या डोंगरावर बसलेला हा एकच, आणि आईच्या नावाने ओळखला जाणाराही हाच. गिरिजात्मज. कथा सांगते की पार्वतीने या गुहेत बारा वर्षं तप केलं आणि अंगच्या मळापासून मूल घडवलं. कथेत शंकर जवळपास नाहीच. डोंगरातली बाई, तिचं एकटीचं तप आणि तिचं एकटीचं मूल. इनामगावच्या त्या डबीतही पुरुष नाही. मी दोन्हींमध्ये सलग धागा आहे असा दावा करणार नाही, तेवढा पुरावा नाही. एवढं दिसतं की या खोऱ्यात आईपण बापावाचून उभं राहू शकतं, आणि पुराणकथेने त्याला मान तुकवली.

आईपणाची ही ताकद किल्ल्यांवर तर जागोजाग दिसते. शिवनेरीवर शिवाई, जीवधनावर जीवाई, दुर्गवर दुर्गादेवी, चावंडवर चामुंडा. बहमनी गेले, निजामशाही आली. मलिक अहमदने पंधराव्या शतकाच्या अखेरीस जुन्नरहूनच आपली गादी मांडली. १६३६च्या तहात शहाजीराजांनी जुन्नर भागातले किल्ले मोगलांच्या हाती दिले. किल्लेदार बदलले, शिबंदीचा पगार कोण देतो ते बदललं, देवी मात्र त्याच कातळात राहिली. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर जन्मलेल्या मुलाचं नाव शिवाईवरून ठेवलं, ही परंपरा सर्वांना माहीत आहे. त्यात लक्ष द्यावं ते एवढ्यावर की जिजाऊंनी नवस केला तो सासरच्या किंवा माहेरच्या कुलदेवतेला नव्हे, तर ज्या गडावर आसरा मिळाला त्या गडाच्या देवीला, असं ही परंपरा सांगते. एका धाकट्या देवीचं नाव त्यामुळे घराघरांत पोचलं.

चावंडवर देवळाबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी. कातळात एकमेकींना लागून खोदलेली सात टाकी आहेत, आणि लोक त्यांना सप्तमातृका म्हणतात. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी आणि चामुंडा. यांतल्या सहाजणी कुठल्या ना कुठल्या देवाच्या शक्ती आहेत. सातवी चामुंडा कुणाचीच नाही, आणि गड मात्र तिच्या नावावर आहे. टाक्यांच्या कडेला उभं राहून खाली पाहिलं की पाणी कधी हिरवट, कधी आभाळाच्या रंगाचं, आणि दोन टाक्यांमधली कातळाची भिंत जेमतेम पाऊल मावेल एवढी. पाण्याला बायका मानणं हे या भागात नवं नाही. विहिरीच्या, डोहाच्या काठावर सात दगड मांडून त्यांना साती आसरा म्हणतात. बाळंतिणीने तिथे एकटं जाऊ नये, गेली तर ओटी भरावी. गडावरच्या पंडिताने टाक्यांना मातृका म्हटलं, खालच्या कोळणीने विहिरीला आसरा म्हटलं. पाणी तेच, आणि बायका सातच. मेसोपोटेमियातही सात हा आकडा देवांचा होता. तिथले सेबित्ती हे सात लढवय्ये देव सैन्यासारखे एकत्रच येतात, एकेकटे कधी नाही. आपल्याकडच्या सातजणी मात्र पाण्याच्या आणि लेकरांच्या.

आता खंडोबाकडे येऊ, कारण देवांच्या कुटुंबाचं एवढं भरलेलं उदाहरण महाराष्ट्रात दुसरं नाही. मूळ गादी जेजुरीची, पण जुन्नर-आंबेगावात त्याची ठाणी जागोजाग आहेत. जुन्नरला वडज, आंबेगावला धामणी, आणि नागापूरजवळ थापलिंगाचा डोंगर, जिथे पौष पौर्णिमेला यात्रा भरते आणि घाटात बैलगाडे धावतात. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली तेव्हा या गावांनी ते केवळ खेळावरचं बंधन मानलं नाही. बैल देवाच्या दारात धावतो, ही त्यांची भावना होती. यात्रांचे घाट पुढे पुन्हा गजबजले, आणि मे २०२३मध्ये न्यायालयाने महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरवला.

खंडोबाला पाच बायका आहेत. थोरली म्हाळसा, नेवाशाची, लिंगायत वाण्याची लेक. दुसरी बानू, बाणाई, चंदनपुरीची धनगरीण. मग रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई. म्हाळसेशी लग्न रीतसर झालं, आणि ते दरवर्षी पालीला लागतं. बानूसाठी मात्र देवाने सारीपाटात हार पत्करली, बारा वर्षांचा वनवास घेतला आणि धनगराच्या वाड्यावर चाकरी केली. घरी आणल्यावर दोघींची भांडणं झाली. जेजुरीला म्हाळसा वर गडात देवाजवळ आहे आणि बानूचं देऊळ डोंगराच्या चढावर, खाली.

गुंटर सोनथायमर हे हायडेलबर्गचे जर्मन अभ्यासक कितीतरी वर्षं धनगरांच्या वाड्यांवर बसून ओव्या ऐकत राहिले. त्यांनी दाखवलं की या दोन बायका म्हणजे दोन जगणी आहेत. म्हाळसा ही पेठ, शेत, घर, धान्य. बानू ही रान, मेंढरं, पावसाळ्यामागची भटकंती. दख्खनच्या पठारावर ही दोन माणसं एकमेकांवाचून जगू शकत नव्हती. शेतकऱ्याला मेंढरांचं खत हवं, धनगराला ज्वारी हवी, आणि वाण्याला दोघेही गिऱ्हाईक. नातं गरजेचं होतं, पण रोटी-बेटी नव्हती. माणसांत जे लग्न होऊ शकत नव्हतं ते देवाने केलं. रामचंद्र चिंतामण ढेरे यांचं ‘खंडोबा’ १९६१मध्ये आलं, तेव्हापासून मराठीत या दैवताकडे गंभीरपणे पाहिलं जातंय. तरी पाच बायकांची यादी अजून अनेकांना केवळ लोककथेतली गंमत वाटते. मला ती या पठारावरच्या जातींमधला करार वाटते, आणि कुठल्याही ताम्रपटाइतकी पक्की.

सुमेरच्या कथेतही इनन्नेला दोन स्थळं सांगून आली होती, मेंढपाळ दुमुझी आणि शेतकरी एन्किम्दू. तिचा कल आधी शेतकऱ्याकडे होता. शेवटी पदरात पडला मेंढपाळ, आणि मग शेतकऱ्याने त्याच्या मेंढरांना आपल्या शेतात चरायला मोकळीक दिली. प्रश्न दोन्हीकडे एकच, पण सुमेरने त्यातला एक निवडला. खंडोबाने दोघींना घरात आणलं आणि भांडणही घरातच ठेवलं.

शिवाय या घरात कारभारी आहे, हेगडी प्रधान. काही ठिकाणी तो म्हाळसेचा भाऊ, म्हणजे देवाचा मेहुणा. निन्शुबुरचं आठवावं. इनन्ना पाताळात अडकली तेव्हा तिची ही वजीर एन्लिलकडे, नन्नाकडे आणि शेवटी एन्कीकडे पदर पसरत गेली, आणि तिच्यामुळेच इनन्ना सुटली. मोठ्या देवाच्या घरी भक्ताची अर्जी आधी वजिराकडे जाते. वाघ्या-मुरळीच्या जागरणात जेव्हा प्रधानाचं नाव घेतलं जातं तेव्हा हाच दरबार उभा राहतो. देवाजवळ कुत्रा आहे, घोडा आहे, आणि पायाशी शत्रूही आहे. मणी आणि मल्ल हे दैत्य मारले गेले खरे, पण मरताना त्यांनी वर मागितले. मल्लाचं नाव देवाच्या नावात गेलं, मल्हारी. मणीला देवाच्या दारात जागा मिळाली.

ओझरला हेच झालं. कुकडीकाठच्या त्या गणपतीने विघ्नासुराला हरवलं, तेव्हा दैत्याने मागणं केलं की तुझ्या नावाआधी माझं नाव घेतलं जावं. देव विघ्नेश्वर झाला. आणि शेताच्या बांधावरचा म्हसोबा? कोसंबींच्या मते हा महिषासुरच, ज्याला देवीने मारलं. पुण्याच्या पश्चिमेला काही गावांत त्याचं लग्न जोगूबाईशी लावलेलं त्यांना आढळलं, आणि जोगूबाई म्हणजे योगेश्वरी, मारणारीच. हरलेल्याला नष्ट करून भागत नाही, कारण त्याची माणसं गावातच राहतात. म्हणून त्याला जावई करून घ्यायचं, द्वारपाल करायचं, किंवा आपल्या नावात सामावून घ्यायचं. आळ्याला तर ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे. ब्राह्मणांच्या कथेत, वारकऱ्यांच्या भक्तीत आणि म्हसोबाच्या दगडात रेडा तीन वाटांनी पूज्य ठरला, तेही एकाच मुलखात.

घाटमाथ्यावर, आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, महादेव कोळ्यांच्या वाड्या लागतात आणि देवांची घराणी पुन्हा बदलतात. इथली वरसूबाई, कणसरी, वाघोबा ही नावं पुराणांच्या पोथ्यांत सापडत नाहीत. कणसरी धान्याची, खळ्यावर रास लागली की तिची पूजा. कॅप्टन मॅकिंटॉशने १८३०च्या दशकात या जमातीचा पहिला विस्तृत वृत्तांत लिहिला, पण त्याची नजर बंडखोर शोधणाऱ्या अधिकाऱ्याची होती. पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. आतून लिहिलं ते डॉ. गोविंद गारे यांनी. जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचा हा कोळ्याचा मुलगा पुढे आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचा संचालक झाला, आणि आपल्याच आजीच्या देवांची नोंद त्याने अभ्यासकाच्या शिस्तीने केली. २००६मध्ये ते गेले. ज्या कुणाला या भागाचा धर्म समजून घ्यायचाय त्याने कोसंबींबरोबर गारेही वाचावेत. कोसंबी देवीच्या दगडाकडे बाहेरून चालत जातात. गारे त्या दगडाजवळच वाढले.

या डोंगरांतली मोठी सोयरीक भीमाशंकरला झाली. ज्योतिर्लिंग खेड तालुक्यात आहे, पण मंचर-घोडेगावकडून येणारी वाट सगळी आंबेगावची. कथेत त्रिपुरासुराच्या वेळी शंकराच्या मदतीला कमळजा येते. तिचं देऊळ ज्योतिर्लिंगाजवळच आहे आणि डोंगरातले लोक आधी तिला ओळखतात. बारा ज्योतिर्लिंगांच्या संस्कृत यादीत हे स्थान डाकिनीच्या प्रदेशात सांगितलंय. म्हणजे यादी रचणाऱ्यालाही ठाऊक होतं की हा मुलूख आधी तिचा होता.

पाहुण्या महादेवाने जंगल घेतलं नाही, जंगलवालीशी नातं जोडलं. त्याचा परिणाम आजही डोळ्यांनी दिसतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. आहुप्याची भैरवनाथाची देवराई अशाच रायांपैकी एक. फांदी तोडायची नाही, वाळलेलं लाकूडही देवाला विचारल्याशिवाय उचलायचं नाही. १९८५मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं, पण शेकरूला लागणारी उंच, एकमेकांत गुंतलेली झाडं त्याआधी कित्येक पिढ्या राखली ती या धाकट्या देवांच्या धाकाने.

वाघोबा या सगळ्यांत निराळा. त्याला बायको नाही, प्रधान नाही, पुराणात वंशावळ नाही. लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, अंगावर शेंदूर. आश्विन वद्य द्वादशीला, बाकी महाराष्ट्र वसुबारस करतो त्या दिवशी, इथे वाघबारस असते. गुराखी पोरं घरोघर जाऊन तांदूळ, गूळ गोळा करतात, वाघोबापाशी चूल मांडून खीर शिजवतात. एक पोरगा वाघ होतो, बाकीचे त्याला शिवाराबाहेर पिटाळतात. वर्षभर गुरांना हात लावू नकोस, एवढंच मागणं. माणसाचं वाघाशी नातं इथे सोयरिकीपेक्षा शेजाराचं आहे, हद्द ठरवून घेतलेलं.

ती हद्द गेल्या काही दशकांत मोडली. डिंभे धरणात मूळ आंबेगाव गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याला फक्त नाव उरलं. माणिकडोह, येडगाव, डिंभ्याचे कालवे पूर्वेला पोचले आणि तिथे मैलोगणती ऊस उभा राहिला. बिबट्याला उसात लपण मिळालं, पिलं उसातच जन्मू लागली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर परिसरात माणसांवर हल्ल्यांची लाट आली, पिंजरे लागले आणि माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उभं राहिलं. पश्चिमेच्या वाड्यांत वाघोबाचा दगड आहे आणि त्याच्याशी कसं वागायचं याची रीतही आहे. पूर्वेच्या बागायती गावांत बिबट्या नवा आणि रीतही नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी बिबट्यांबरोबरच वाघोबाच्या पूजेचाही मागोवा घेतला, हे मला फार मोलाचं वाटतं. बिबट्याशी जमवून घेण्याचं जुनं ज्ञान याच तालुक्यांच्या डोंगरात, अजून हयात असलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. ते वाडीवाडीतून लिहून घ्यायला हवं. कुठल्या शिवारात कुठला दगड, त्याचा मानकरी कोण, बारशीला खीर कोण शिजवतं. गारे यांनी निमगिरीच्या बाजूने हे काम सुरू केलं होतं.